रात्रीची भाजी आणि तिचं पाणी

मागच्या अंकात खिचडी, वरणभात, पिठलं-भाकरी अशा रात्रीच्या साध्या जेवणावर लिहिलं होतं आणि सोबतची भाजी करताना कुठे अडतं ते कळवा, असंही म्हटलं होतं. पत्रं चाळताना एक गोष्ट लगेच ध्यानात आली. कुणाची भेंडी चिकट होते, कुणाच्या काचऱ्यांचा लगदा होतो, कुणाची कोशिंबीर ताटात वाहते. तक्रारी निरनिराळ्या, पण बहुतेकींच्या मुळाशी भाजीचं स्वतःचं पाणी आहे. ते कधी सुटू द्यायचं, कधी कोंडून धरायचं आणि कधी उडवून लावायचं, हा हिशेब चुकला की भाजी बिघडते. मसाल्याचा दोष क्वचितच असतो.

खालच्या उत्तरांत छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, मोठा चमचा १५ आणि वाटी १५० मिलिलिटर धरली आहे. प्रमाण दोन-तीन माणसांचं.

भेंडीची भाजी दर वेळी चिकट होते. लिंबू पिळून पाहिलं, दही घालून पाहिलं, तरी तार सुटत नाही. (नाशिक)

भेंडीतला चीक पाण्यात विरघळणारा असतो. पाणी लागलं की तो फुगून तार धरतो, पाणी उडालं की वाळून जातो. म्हणजे चिरलेल्या भेंडीला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. रात्री भाजी करायची असेल तर सकाळीच भेंडी धुवा, पंचावर पसरून ठेवा आणि चिरण्याआधी एकेक पुसून घ्या. सुरी आणि पाटही कोरडा हवा. तुकडे सेंटीमीटरभर जाड करा. पातळ चकत्या केल्या की कापलेली बाजू वाढते, आणि चीक बाहेर येतो तो तिथूनच.

पाव किलो भेंडीला दोन मोठे चमचे तेल लागतं. पसरट कढईत तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या घाला आणि मग भेंडी. आच मध्यमपेक्षा मोठी ठेवा, झाकण अजिबात नको. पहिली चार-पाच मिनिटं तार दिसणारच. ती पाहून घाईघाईने ढवळत बसलं की तुकड्यांच्या कडा मोडतात आणि आणखी चीक सुटतो. दोन मिनिटांनी एकदा, उलथन्याने खालून वर, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला दोन आमसुलं घाला. आठ-दहा मिनिटांत तार तुटते, तुकडे सुटे होतात, कडा तांबूस दिसतात. मीठ यानंतर, अर्धा छोटा चमचा. आधी घातलेलं मीठ भेंडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आंबट घालायची तुमची कल्पना बरोबर होती, कारण आंबटाने चीक सैल पडतो. पण दह्याबरोबर पाणीही कढईत जातं. आमसुलाबरोबर जात नाही. लोखंडी कढई वापरत असाल तर भाजी झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढा, आमसुलामुळे ती लोखंडात काळपट पडते. आणि अर्धा किलो भेंडी लहान कढईत एकदम कोंबू नका. खालची परतली जाते, वरची वाफेवर शिजते आणि चिकट होते. दोनदा करा.

बटाट्याच्या काचऱ्या वरून करपतात, आतून कच्च्या राहतात. झाकण ठेवलं तर मोडतात. आणि झाकणावर पाणी ठेवायचं ते नेमकं कशासाठी? (पुणे)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यातूनच निघतं. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात अर्धी वाटी गार पाणी घातलं की ताटलीचा तळ गार राहतो. भाजीतून निघालेली वाफ त्याला लागली की तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब पुन्हा भाजीवर पडतं. भाजी आपल्याच पाण्यात शिजते, वरून पाणी ओतावं लागत नाही आणि तळही लागत नाही. तरीही पाणी कमी पडलंच, तर ताटलीतलं पाणी एव्हाना गरम झालेलं असतं. ते घातलं की शिजणं थांबत नाही. गवार, तोंडली, घेवडा अशा वेळ खाणाऱ्या भाज्यांना ही युक्ती फार उपयोगी आहे. ताटलीतलं पाणी वाफाळायला लागलं की मात्र ते बदला. गरम तळावर वाफेचं पाणी फारसं होत नाही.

आता काचऱ्या. चार मध्यम बटाटे, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. उभे अर्धे करून तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. सगळ्या सारख्या हव्यात. निम्म्या पातळ आणि निम्म्या जाड असतील तर काही करपणार आणि काही कच्च्या राहणार, त्याला इलाज नाही. चकत्या दोन पाण्यांतून खळबळून काढा. पाणी दुधट होतं तो वरचा स्टार्च. तो राहिला तर काचऱ्या एकमेकींना आणि कढईला चिकटतात. निथळून फडक्यावर कोरड्या करा.

तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद आणि लगेच काचऱ्या. इथे मीठ सुरुवातीलाच घालायचं, पाऊण छोटा चमचा. भेंडीच्या बरोबर उलट. सुटणाऱ्या पाण्याच्या वाफेवरच काचऱ्या आतून शिजवायच्या आहेत. मध्यम-मंद आच, वर पाण्याची ताटली, सहा-सात मिनिटं, मध्ये एकदाच हलवा. उलथन्याचं टोक टेकवलं की काचरी सहज तुटली पाहिजे. मग ताटली काढा, पण तिरकी न करता सरळ उचलून बाजूला न्या, नाहीतर तळाचे सगळे थेंब कढईत सांडतात. आच वाढवा आणि दोन-तीन मिनिटं न हलवता राहू द्या. खालची बाजू खरपूस झाली की उलटा, छोटा चमचाभर तिखट भुरभुरवा, मिनिटभर परता, गॅस बंद. तुमच्या काचऱ्या मोडतात त्या बहुधा झाकण उशिरापर्यंत राहिल्यामुळे आणि वरचेवर ढवळल्यामुळे.

एवढं करूनही भाजी लवकर काळी पडत असेल आणि गोडसर लागत असेल तर बटाटे फ्रिजमध्ये राहिले होते का ते आठवा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती तेलात भराभर करपते. बटाटे टोपलीत, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावेत.

मेथीची भाजी हमखास खारट होते, काळपट दिसते आणि कडूही लागते. (कराड)

खारटपणाचं कारण डोळ्यांचा अंदाज. निवडलेली जुडी कढईत डोंगरासारखी दिसते आणि चार मिनिटांत मूठभर होते. मीठ आपण डोंगर पाहून घालतो. पाला पूर्ण बसू द्या आणि मग घाला. मध्यम जुडीला पाव ते अर्धा छोटा चमचा पुरतो. पालक आणि चाकवताला तर अंगचाच खारटपणा असतो, तिथे हात आणखी आखडता ठेवा.

काळपटपणाचं कारण झाकण. पाला तापला की त्यातली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकण असेल तर ती परत भाजीतच पडतात आणि हिरव्या रंगद्रव्याचा रंग शेवाळी-तपकिरी होतो. पहिली चार-पाच मिनिटं कढई उघडी ठेवा. काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. रंग हिरवागार राहतो खरा, पण पाला गिळगिळीत होतो आणि क जीवनसत्त्वही नासतं. आमच्या मते तो सौदा महागाचा.

कडूपणासाठी मेथीला मीठ चोळून ती पिळून घेण्याची पद्धत आहे. कडू जातं, पण मेथी मेथीसारखी लागत नाही. त्यापेक्षा जोडीला डाळ द्या. दोन मोठे चमचे मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. दीड मोठा चमचा तेलात मोहरी, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या परता, एक बारीक चिरलेला कांदा घाला, तो मऊ झाला की डाळ आणि तीन मोठे चमचे पाणी घालून पाच मिनिटं झाका. डाळीचा दाणा बोटांत दाबला तर फुटावा, पण कढईत अख्खा दिसावा. आता ऐनवेळी चिरलेली मेथी घाला, उघड्यावर पाच मिनिटं परता, मग मीठ. दुपारी चिरून ठेवलेली मेथी रात्री जास्त कडू लागते. मुंबईकडे मिळणारी इवल्या पानांची समुद्रमेथी वापरत असाल तर मुळं कापून तीन-चार पाण्यांतून धुवा, तिच्यात रेती फार असते.

ताकातला चाकवत करताना ताक फुटतं. वर पाणी, खाली गोळे. (मिरज)

ताकातली प्रथिनं तापली की आक्रसतात, एकमेकांना धरतात आणि पाणी वेगळं पडतं. बेसन मध्ये आलं की त्याची खळ होते आणि प्रथिनांना एकत्र येऊ देत नाही. म्हणूनच बेसन गार ताकातच मिसळायचं असतं, उकळत्या भाजीत नाही.

चाकवताची एक जुडी चिरून, दोन तास भिजवलेली दोन मोठे चमचे हरभऱ्याची डाळ आणि तितकेच शेंगदाणे घालून कुकरला तीन शिट्ट्या करा. डाळ-दाणे बाजूला काढून पाला रवीने घोटा आणि कोमट होऊ द्या. दोन वाट्या ताक फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, त्यात दीड मोठा चमचा बेसन गुठळी न राहता कालवा, लागलं तर गाळून घ्या. घोटलेल्या भाजीत हे ताक आणि डाळ-दाणे मिसळून मगच गॅस लावा, मंद. काठाला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत हात थांबवू नका. नंतर पाच-सहा मिनिटं अगदी मंद आचेवर शिजवा, बेसनाचा कच्चा वास गेला पाहिजे. खळखळून उकळी आणू नका. मीठ आणि चिमूटभर साखर शेवटी. वरून तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा मेथीदाणे, लसूण, सुकी मिरची.

ताक जितकं आंबट तितकं लवकर फुटतं. फार आंबट असेल तर अर्धं ताक आणि अर्धं पाणी घ्या. फुटलंच तर गॅसवरून उतरवा, चमचाभर बेसन गार पाण्यात कालवून घाला, रवीने जोरात घुसळा आणि पुन्हा मंद आचेवर ठेवा. दिसायला सावरतं, जिभेला थोडं रवाळ लागतंच.

दुधी चिरून चव पाहिली तर कडू निघाला. गूळ-मसाला वाढवून भाजी केली तर चालेल? (ठाणे)

नाही. सगळा दुधी टाकून द्या. हा कडूपणा ज्या विषारी द्रव्यांचा असतो ती शिजवून, मीठ लावून किंवा उकळून पाणी फेकूनही जात नाहीत. कडू दुधी पोटात गेला तर उलट्या, जुलाब, पोटात जोराच्या कळा, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं इथपर्यंत मजल जाते. असा त्रास सुरू झाला तर घरी उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. दुधी, दोडका, पडवळ, काकडी चिरताना एक तुकडा जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर थुंकून टाकायचा, ही सवय सोडू नका. काकडीचं टोक कापून, घासून फेस काढल्याने आतला कडूपणा कमी होत नाही. मधला तुकडाही कडू लागला तर तीही फेका. कारलं जातीचंच कडू, त्याची गोष्ट वेगळी.

गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला धुराची चव येत नाही आणि पाणी सुटतं. खान्देशातलं भरीत असं नसतं. (डोंबिवली)

खान्देशातलं वांगंही वेगळं आणि आगही वेगळी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोदचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, मोठं, बिया कमी असलेलं हे वांगं कापसाच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. धूर त्या काड्यांचा असतो. गॅसला धूर नाही, तेव्हा तिथे साल जळण्याच्या वासावरच भागवावं लागतं, आणि तो वास आपण नळाखाली धुवून टाकतो. बहुतेक घरांत चूक होते ती इथे.

बाजारात दोन सारख्या आकाराची वांगी हातात घ्या आणि हलकं लागेल ते निवडा. जड वांग्यात बिया जास्त. देठ हिरवा, साल ताणलेली हवी. अर्ध्या किलोच्या वांग्याला काट्याने सहा-सात जागी टोचे मारा, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. तेलाचा हात लावून थेट मध्यम आचेवर ठेवा आणि फिरवत राहा, १२ ते १५ मिनिटं. साल काळी होऊनही देठाजवळ सुरी अडत असेल तर आच मोठी होती असं समजा. वांगं पूर्ण ढिलं पडून बसलं पाहिजे.

मग पाच मिनिटं झाकून ठेवा, साल सुटायला मदत होते. वाटीत पाणी घेऊन बोटं ओली करत साल काढा. वांगं पाण्याखाली धरू नका. चिकटलेले दोन-चार काळे ठिपके राहिले तर बिघडत नाही, चव त्यातच आहे. आता बहुतेक कृतींत नसलेली पायरी: सोललेल्या वांग्याला उभी चीर देऊन ते दहा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली दोन-तीन चमचे तपकिरी पाणी जमतं. तुमच्या भरताला सुटतं ते हेच.

गर सुरीने न चिरता काट्याने किंवा बत्त्याने ठेचा, धागे राहू द्या. तीन मोठे चमचे तेलात मूठभर शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात जिरं आणि भाजून ठेचलेल्या सहा हिरव्या मिरच्या व दहा लसूणपाकळ्या परता, वाटीभर कांद्याची पात घाला आणि मग गर. चार मिनिटं मोठ्या आचेवर परतून कडेला तेल दिसू लागलं की मीठ, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असेल तर दुसरं काही नको. धुराचा हट्टच असेल तर भरताच्या मधोमध वाटीत लाल निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि तीन मिनिटं घट्ट झाका. पाच मिनिटं ठेवलं तर भरीत कडवट लागतं.

दह्यातलं भरीत करायचं असेल तर गर पूर्ण गार झाल्यावर, पानं वाढल्यावर दही घाला. गरम गरात घातलेलं दही फुटतं आणि चाळणीची सगळी मेहनत वाया जाते.

सिमला मिरची पीठ पेरून केली की बेसन कच्चं लागतं नाहीतर गोळे होतात. (लातूर)

बेसन आधी कोरडंच भाजून घ्या. अर्धी वाटी बेसन मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, रंग फार न बदलता खमंग वास येईपर्यंत. पाव किलो सिमला मिरचीच्या बिया आणि आतला पांढरा भाग काढून मोठे तुकडे करा. तीन मोठे चमचे तेलाच्या फोडणीत हिंग जरा सढळ हाताने टाका, मिरची घाला, मीठ घालून तीन मिनिटं झाका. मिठाने तिला थोडं पाणी सुटतं, आणि बेसन शिजायला तेच लागतं. तिखट, धनेपूड घाला आणि बेसन चिमटीने पेरत जा. एकदम ओतलं की गोळा होणारच. ढवळू नका, पाण्याची ताटली ठेवून मंद आचेवर चार मिनिटं वाफ येऊ द्या. मग उलथन्याने हलक्या हाताने उलटा. पीठ पांढरं, कोरडं दिसलं तर हाताने पाणी शिंपडा, दोन शिंतोडे, आणि पुन्हा दोन मिनिटं झाका.

मुळ्याचा पाला, कांद्याची पात यांना पाणी भरपूर सुटतं, तिथे शिंपडायची गरज पडत नाही. उलट पाला आधी उघड्यावर अर्धा सुकवून घ्या. तेल वाचवायला गेलात तर ही भाजी घशात अडकते.

खमंग काकडी कालवून पंधरा मिनिटं झाली की वाटीत पाणीच पाणी. (रत्नागिरी)

कालवूच नका, तयारी करून ठेवा. दोन काकड्या सोलून चोचवून घ्या. किसल्या तर पेशी जास्त फुटतात आणि पाणी दुप्पट सुटतं. चोचवलेली काकडी हलकेच दाबून पाणी वेगळं करा. ते पोळीच्या कणकेत किंवा ताकात जाऊ दे. वर तीन मोठे चमचे दाण्याचा कूट आणि दोन मोठे चमचे ओलं खोबरं नुसतं पसरून ठेवा. कूट जाडसर हवा, बारीक कुटाची चटणी होते. छोट्या चमच्याभर तुपात जिरं, हिंग आणि एका हिरव्या मिरचीचे तुकडे अशी फोडणी करून तीही कुटावरच घाला. मीठ, साखर आणि लिंबू पानं वाढताना. दहा मिनिटांत संपेल एवढीच एका वेळी कालवा.

सकाळी केलेली खोबरं घातलेली भाजी रात्रीपर्यंत आंबते. फ्रिजमध्ये जागा नसते. (फोंडा, गोवा)

दमट हवेत आधी नासतं ते ओलं खोबरं. सकाळी तेंडली, चवळीच्या शेंगा किंवा फणसाची भाजी खोबऱ्याशिवाय करा. सकाळपुरती वेगळी काढून तिच्यातच खोबरं घाला. उरलेलीत चमचा न घालता ती लवकर गार करा आणि लहान डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्या डब्याला जागा करावीच लागेल, गोव्याच्या हवेत शिजलेली भाजी दिवसभर बाहेर ठेवू नये. रात्री कढईत वाफ येईपर्यंत तापवून ताजं खोबरं घाला. चव तर यानेच जास्त चांगली लागते.

इथे गवार, दोडका मिळत नाही. फ्रोझन भेंडीचा चिखल होतो. इंडक्शनवर फोडणीही करपते. (फ्रँकफर्ट)

फ्रोझन भेंडी वितळू देऊ नका. वितळताना सगळं पाणी सुटतं. पॅन मोठ्या आचेवर तापवून, नेहमीपेक्षा चमचाभर जास्त तेल घालून, गोठलेलीच एका थरात पसरा आणि चार मिनिटं हात लावू नका. फोडणी वेगळी करून शेवटी वरून घाला. ताज्यासारखी होणार नाही, पण चिखलही होणार नाही.

दोडक्याऐवजी झुकिनी चालते. दीड सेंटीमीटरचे तुकडे, मूग डाळ नाहीतर पीठ पेरून, शिजवायला पाचच मिनिटं. मीठ शेवटी, तिला पाणी फार. गवारीऐवजी तिथल्या हिरव्या घेवड्याच्या शेंगा घ्या आणि ओवा, दाण्याचा कूट, गूळ हा गवारीचाच मसाला वापरा.

इंडक्शनवर पॅनचा तळ क्षणात तापतो आणि तेल त्यामानाने थोडं असतं. मध्यम आकड्यावर सुरू करा, मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला. ती तडतडायची थांबत आली की पॅन उचलून बाजूला घ्या आणि हिंग, हळद, तिखट उतरवलेल्या तेलात घाला. मोहरी न तडतडता राहिली तर कडू लागते, हळद करपली तरीही कडू. फोडणी चुकलीच तर तेल फेकून नव्याने करा. दोन चमचे तेल वाचवायला सगळी भाजी वाया घालवू नये.

आठ वाजता घरी पोचते, साडेआठला जेवण हवं. मुगाच्या खिचडीबरोबर अर्ध्या तासात होईल अशी भाजी सांगा. (हैदराबाद)

लाल भोपळा. साल काढायची नाही, पाणी घालायचं नाही, लक्ष ठेवायची गरजही कमी.

आल्या आल्या तांदूळ-डाळ धुवून खिचडीचा कुकर लावा. तो शिट्टी घेईपर्यंत ३०० ग्रॅम भोपळा सालासकट दोन सेंटीमीटरच्या फोडींत चिरा. लहान फोडींचा लगदा होतो. मोठा चमचाभर तेलात मोहरी, पाव छोटा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या. मेथीदाणे तांबूस झाले की लगेच भोपळा. काळे झाले तर भाजी कडू. पाण्याची ताटली ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, मध्ये एकदा कढईच झटकून हलवा, उलथनं घालू नका. सुरी सालीपर्यंत गेली की अर्धा छोटा चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ, अर्धा छोटा चमचा गोडा मसाला, दोन मोठे चमचे दाण्याचा कूट. दोन मिनिटं उघड्यावर. गूळ आधी घातलात तर फोडी दडदडीत राहतात.

कुकरचं प्रेशर आपोआप उतरेपर्यंत भाजी तयार होते आणि पापड भाजायलाही वेळ उरतो.